रिझ्युमे चौथ्यांदा बदलला तरी कॉल येत नाही? टेम्प्लेट सोडा, क्रम बघा

"ताई, नवीन रिझ्युमे टाकलाय व्हॉट्सॲपवर, बघ ना जरा."

मावसभावाचा हा वर्षभरातला चौथा रिझ्युमे. पहिला निळ्या पट्टीचा होता. दुसरा दोन कॉलमांचा. तिसऱ्यात फोटो गोलात बसवलेला आणि 'टीमवर्क'पुढे पाचपैकी चार तारे. चौथ्यात तारे गेले आणि त्या जागी टक्क्यांच्या पट्ट्या आल्या. मजकूर चारही वेळा तोच, क्रमही तोच. तक्रारही तीच: शंभर ठिकाणी अप्लाय केलं, एक कॉल नाही.

मी पिंपरी-चिंचवडमध्ये अकरा वर्षं भरतीचं काम करते, मुख्यतः चाकण, भोसरी, रांजणगावच्या कारखान्यांसाठी. ही तक्रार घेऊन माणसं परत परत येतात आणि दर वेळी त्यांनी टेम्प्लेट बदललेलं असतं. गाडी स्टार्ट होत नाही म्हणून सीट कव्हर बदलावं, तसं. फॉरमॅट म्हणजे पट्ट्या आणि रंग नव्हेत. वाचणाऱ्याला काय आधी दिसतं आणि काय नंतर, तो फॉरमॅट. आणि तो ठरतो तुमच्या परिस्थितीवरून, इंटरनेटवर कुठला छान दिसला यावरून नाही.

पण थांबा. आधी दोष रिझ्युमेत आहे का हेच बघू, कारण निम्म्या वेळा तो तिथे नसतोच.

रिझ्युमे उघडला तरी जातोय का?

नौकरी डॉट कॉमसारख्या पोर्टलवर आम्ही शोध घेतो तेव्हा समोर तुमचा रिझ्युमे येत नाही, प्रोफाइलची पट्टी येते. एकूण अनुभव, सध्याचा पगार, ठिकाण, नोटीस पिरियड, पदाचं नाव आणि मुख्य कौशल्यं. त्यावर क्लिक केलं तरच पुढे फाईल. शिवाय गेल्या काही दिवसांत जे सक्रिय आहेत तेवढेच दाखव, असा फिल्टर आमच्याकडे असतो आणि आम्ही तो लावतो. सहा महिन्यांपूर्वी प्रोफाइल भरून बसलेला माणूस त्या यादीत येतच नाही.

तुमच्याच प्रोफाइलवर दोन आकडे दिसतात: किती शोधांमध्ये तुम्ही आलात, आणि किती भरती करणाऱ्यांनी पुढे काही केलं. पहिलाच आकडा पडलेला असेल तर रिझ्युमेला हात लावू नका. प्रोफाइलमधलं पद, कौशल्यं, ठिकाण दुरुस्त करा आणि आठवड्यातून एकदा लॉगिन करा. पहिला आकडा बरा आहे पण दुसरा शून्याजवळ आहे, तर अडचण त्या पट्टीतल्या माहितीत आहे: पगाराचा आकडा, नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड, किंवा पदाचं नाव आणि कौशल्यं यांचा मेळ नसणं. लोक उघडतायत, डाउनलोडही करतायत आणि तरीही फोन येत नाही, तेव्हा मात्र दोष रिझ्युमेचा. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

मशीनला तो वाचता येतो का?

दोन मिनिटांची तपासणी. पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. जे दिसेल तेच साधारण पोर्टलच्या मशीनला दिसतं.

काहीच पेस्ट झालं नाही, तर तुमची पीडीएफ म्हणजे फोटो आहे. सायबर कॅफेत प्रिंट काढून स्कॅन केलेली असते किंवा डिझाइनच्या ॲपमधून चित्र म्हणून सेव्ह झालेली. ओळी एकमेकींत घुसल्या असतील, म्हणजे डाव्या कॉलममधल्या 'भाषा: मराठी, हिंदी'च्या मधोमध उजव्या कॉलममधली कंपनी आली असेल, तर दोन कॉलम काढा. फोन नंबर गायब असेल तर तो वर्डच्या हेडरमध्ये टाकलाय. तिथून काढून मुख्य पानावर आणा. भावाच्या दुसऱ्या रिझ्युमेत हेच झालं होतं, नंबरच नव्हता.

आणि एक खास आपल्याकडचा घोळ. सहकारी बँका, शिक्षणसंस्था, पतसंस्था इथे अर्ज मराठीत लागतो, आणि बाहेरच्या टायपिंगवाल्याने तो कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉण्टमध्ये करून दिलेला असतो. कागदावर छान दिसतो. ईमेलने पाठवला की समोर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. युनिकोडमध्येच टाइप करून घ्या आणि नोटपॅडची तपासणी त्यालाही लावा.

तारे आणि टक्क्यांच्या पट्ट्या मशीनला दिसत नाहीत आणि माणसाला पटत नाहीत. ८० टक्के ऑटोकॅड म्हणजे काय, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

आता खरा प्रश्न: तुमची शेवटची नोकरी तुमची साक्षीदार आहे का?

फॉरमॅट तीन. पहिल्यात ताजी नोकरी वर आणि मग मागे मागे जायचं; याला उलट कालक्रम म्हणूया. दुसऱ्यात आधी कौशल्यांचे गट आणि नोकऱ्या तळाला, तारखा अंधुक, हा कौशल्यप्रधान. तिसऱ्यात वर पाच-सहा ओळींत कौशल्यं आणि लगेच खाली नोकऱ्या तारखांसकट, हा मिश्र.

निवडायला एकच प्रश्न पुरतो. जी नोकरी हवी आहे, त्यासाठी तुमची सध्याची किंवा शेवटची नोकरी हाच सगळ्यात भक्कम पुरावा आहे का? हो असेल तर डोळे मिटून उलट कालक्रम. क्वालिटीत सात वर्षं आणि पुढेही क्वालिटीतच जायचंय, तर आणखी काही शोधू नका. नाही असेल तर मिश्र.

कौशल्यप्रधान फॉरमॅटबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते मी लपवत नाही. गॅप असेल तर तोच वापरा, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं. प्रत्यक्षात टेबलाच्या या बाजूला बसलेल्या माणसाला तो पाहताक्षणी कळतं की काहीतरी झाकलंय. मग मी कौशल्यं वाचतच नाही, तारखा शोधते. 'वेल्डिंग फिक्स्चर डिझाइन' लिहिलंय, पण ते कुठल्या कंपनीत आणि कधी, हे नसेल तर त्या ओळीला वजन शून्य. शिवाय पोर्टलचा फॉर्म तारखा विचारतोच. रिझ्युमेत झाकलं ते फॉर्ममध्ये उघडं पडतं.

भावाचं उदाहरण घेते, त्याची परवानगी आहे. मेकॅनिकल बी.ई. २०१६. ऑगस्ट २०१६ ते मार्च २०२० चाकणला ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात क्वालिटीत. मग तीन वर्षं सदाशिव पेठेत अभ्यासिका, मेस आणि राज्यसेवा. २०२३ पासून गावाकडे एका क्लासमध्ये गणित शिकवतो. हवी आहे क्वालिटी इंजिनिअरची नोकरी. त्याच्या चारही रिझ्युमेंत उलट कालक्रम होता. म्हणजे क्वालिटी मॅनेजरला पहिली ओळ काय दिसायची? 'गणित शिक्षक'. मॅनेजर तिथेच पुढच्या फाईलवर जातो. चूक त्याची नाही, त्याच्यासमोर अजून साठ फाईली असतात.

मिश्र फॉरमॅटमध्ये त्याचा वरचा भाग असा झाला (इथे मराठीत देते, मूळ इंग्रजीत आहे; सीएमएम म्हणजे पार्ट्सची मापं घेणारं यंत्र, एट-डी म्हणजे तक्रार सोडवल्याचा आठ टप्प्यांचा अहवाल, व्हाय-व्हाय म्हणजे पुन्हा पुन्हा 'का' विचारून मूळ कारण शोधणं, आणि पीपीएपी म्हणजे पार्टला ग्राहकाची मंजुरी घेण्याची प्रक्रिया):

क्वालिटी इंजिनिअर | ऑटो पार्ट्स, मशीनिंग | ३ वर्षे ८ महिने
• इनकमिंग आणि इन-प्रोसेस तपासणी: व्हर्निअर, मायक्रोमीटर, हाइट गेज, सीएमएम रिपोर्ट वाचन (चाकण, २०१६–२०२०)
• ग्राहकाच्या तक्रारींवर एट-डी रिपोर्ट, व्हाय-व्हाय विश्लेषण (चाकण, २०१८–२०२०)
• पीपीएपीची कागदपत्रं तयार करण्यात सहभाग (चाकण, २०१९)

प्रत्येक ओळीच्या शेवटी कंस आहे तो पाहा. कौशल्य कुठून आलं ते त्या ओळीतच. हा कंस नसेल तर मिश्र फॉरमॅट घसरत घसरत कौशल्यप्रधान होतो. 'सहभाग' हा शब्दही मुद्दाम आहे. त्याने आधी 'पीपीएपी हाताळले' लिहिलं होतं. मी विचारलं, एकट्याने? म्हणाला, नाही, सिनिअर होते. मग तसंच लिही. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते कळणार असतं.

एक गंमत सापडली. त्याच्या रिझ्युमेत अजून 'टीएस १६९४९' होतं, म्हणजे वाहन उद्योगाचं जुनं गुणवत्ता मानक. ते मानक जाऊन आयएटीएफ १६९४९ आलं ते २०१६ मध्येच, आणि सप्टेंबर २०१८ नंतर जुनं प्रमाणपत्र चालेनासं झालं. हा २०२० पर्यंत कामावर होता, त्याला ते माहीत होतंच. पण मजकूर २०१७ चा आणि टेम्प्लेट तेवढं नवं. चार वेळा रंग बदलले, ही ओळ एकदाही वाचली नाही. गॅपवरून येणाऱ्या माणसाच्या रिझ्युमेत असा शिळा शब्द दिसला की गॅप दुप्पट वाटतो.

स्पर्धा परीक्षेची वर्षं कुठे घालायची?

पुण्यात बसून हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. खुल्या प्रवर्गाला यूपीएससीची मर्यादा ३२ वर्षं आणि सहा प्रयत्न, एमपीएससीची ३८ वर्षं. त्यामुळे तयारी सोडून खासगी नोकरीकडे वळणारा माणूस तिशीचा असतो आणि त्याच्यापुढे उभे फ्रेशर बावीसचे. घाबरून तो त्या वर्षांत 'फ्रीलान्स कन्सल्टंट' असं काहीतरी लिहितो. हे करू नका. फ्रीलान्सिंग म्हटलं की कुणासाठी, किती पैसे, बिल दाखवा, इतके प्रश्न येतात. तयारी म्हटलं की एकच येतो: आता परत जाणार नाही ना?

लिहायचं ते सरळ, तारखांसकट, नोकऱ्यांच्याच यादीत, एका नोंदीत:

जून २०२० – मे २०२३: राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी, पुणे. मुख्य परीक्षेपर्यंत दोनदा.

बस्स. 'या काळात नेतृत्व, चिकाटी आणि वेळेचं व्यवस्थापन शिकलो' हे नको. अभ्यासिकेत टेस्ट सिरीजचे पेपर काढले असतील, क्लासमध्ये शिकवलं असेल, अभ्यासिकेचा हिशेब सांभाळला असेल, तर ते लिहा, तेही काम आहे. मुख्य परीक्षा किंवा मुलाखत गाठली असेल तर ती ओळ नक्की ठेवा. ती गाठायला काय लागतं हे महाराष्ट्रात तरी एचआरला समजावून सांगावं लागत नाही. यूपीएससीच्या मुलाखतीपर्यंत जाऊन अंतिम यादीत न आलेल्यांसाठी तर आयोगाचंच 'प्रतिभा सेतु' पोर्टल आहे: तुमची संमती असेल तर तुमची माहिती नोंदणी केलेल्या कंपन्यांना तिथे पाहता येते. तुम्ही त्या गटात असाल आणि संमती दिली असेल, तर ती माहिती आणि तुमचा रिझ्युमे यांत फरक पडू देऊ नका.

'परत जाणार नाही ना'चं उत्तर रिझ्युमेच्या पहिल्या ओळीतच द्यायचं असतं, फक्त न बोलता. गेल्या सहा महिन्यांत या क्षेत्रात काय केलं ते तिथे दिसलं पाहिजे. भावाला मी सांगितलं, एफएमईएचं (बिघाड कुठे होऊ शकतो ते आधीच शोधण्याची पद्धत) नवं हँडबुक २०१९ मध्ये आलं, तू बाहेर पडायच्या आदल्या वर्षी. ते धड वाच, एखादा छोटा कोर्स कर आणि मग ते लिही. करण्याआधी लिहू नको.

बाळंतपणाची रजा गॅप नाही

हे फार जणी चुकीचं लिहितात, म्हणून वेगळं सांगते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. त्या रजेत तुम्ही नोकरीतच असता. तो काळ त्या नोकरीच्या तारखांत धरायचा, 'मॅटर्निटी ब्रेक' म्हणून वेगळा तोडून दाखवायचा नाही. गेल्या वर्षी एकीने स्वतःचा साडेपाच वर्षांचा अनुभव पाच वर्षांचा करून टाकला होता.

राजीनामा देऊन दोन-चार वर्षं घरी होता, तर ती वेगळी नोंद. 'जुलै २०२१ – मार्च २०२५: कौटुंबिक कारणासाठी नोकरीतून खंड'. कारणाचा तपशील कुणाला देणं लागत नाही. लिंक्डइनवर २०२२ पासून करिअर ब्रेक अशी वेगळी नोंद करता येते. तिथे आणि रिझ्युमेत महिने एकच असू द्या. परत त्याच क्षेत्रात, त्याच कामावर येत असाल तर मिश्रही लागत नाही. उलट कालक्रमच ठेवा, खंडाची एक ओळ सगळ्यात वर, खाली लगेच शेवटची नोकरी.

कंपनी मोठी, पण पीएफ कॉन्ट्रॅक्टरचा

चाकण-रांजणगाव पट्ट्यातला हा सगळ्यात नाजूक मामला. काम केलं नामांकित कंपनीच्या शॉप फ्लोअरवर, गेटपासही तिचाच, पण पगार कॉन्ट्रॅक्टरकडून. रिझ्युमेत मोठ्या कंपनीचं नाव लिहिलं जातं. शॉर्टलिस्ट होतो, मुलाखत होते, ऑफर येते आणि मग बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाला यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, मागतो. पीएफच्या सर्व्हिस हिस्ट्रीत प्रत्येक मालकाचं नाव, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते. तिथे मोठ्या कंपनीचं नावच नाही. माणूस खोटारडा ठरतो, आणि खरं तर तो खोटं बोललेलाच नसतो. ऑफर हातात आल्यावर ती परत गेलेली मी पाहिली आहे.

म्हणून नोंद अशी करा: आधी कॉन्ट्रॅक्टर एजन्सीचं नाव, त्याच ओळीत 'कामाचं ठिकाण' म्हणून कारखान्याचं नाव आणि गाव. दोन्ही दिसतात, दोन्ही खरे. तारखा सर्व्हिस हिस्ट्रीप्रमाणे. रिझ्युमे लिहायला बसण्याआधी पीएफच्या पोर्टलवर जाऊन ती हिस्ट्री एकदा बघाच. सोडल्याची तारीख एजन्सीने भरलेलीच नाही असंही निघतं, आणि मग कागदोपत्री तुम्ही दोन ठिकाणी एकदम नोकरीला असता.

ॲप्रेंटिस म्हणून काढलेलं वर्ष पीएफमध्ये दिसणार नाही, कारण ॲप्रेंटिस कायद्याखालच्यांना पीएफ लागूच नाही. तिथे प्रमाणपत्र लागतं. ते वर्ष 'ॲप्रेंटिस' म्हणूनच लिहा, 'ज्युनिअर इंजिनिअर' म्हणून नको.

अकरा अकरा महिन्यांच्या चार-पाच नोकऱ्या असतील तर प्रत्येकीला वेगळा मथळा दिला की माणूस टिकत नाही असं चित्र उभं राहतं. एका मथळ्याखाली घ्या: 'कंत्राटी कामं, क्वालिटी आणि उत्पादन, २०१९–२०२३', आणि आत एजन्सी, ठिकाण, महिने एकेका ओळीत. कंत्राट संपलं म्हणून नोकरी संपली, हे त्या मथळ्यातच कळतं.

बाकीचे, पटापट

एकाच कंपनीत वीस वर्षं: उलट कालक्रम, पण कंपनी एकदाच लिहा आणि तिच्याखाली प्रत्येक बढती वेगळ्या तारखेने. नाहीतर वीस वर्षं एकाच खुर्चीवर बसल्यासारखं दिसतं.

फ्रेशर: एक पान. शिक्षण वर, मग प्रोजेक्ट आणि इंटर्नशिप. प्रोजेक्ट चौघांचा असेल तर तुम्ही त्यातलं काय केलंत तेवढंच. दहावीतलं वक्तृत्वाचं बक्षीस घरी भिंतीवर छान दिसतं, तिथेच राहू दे.

क्षेत्र बदलणारे: मिश्र. पण नव्या क्षेत्रातलं एक तरी पूर्ण केलेलं काम असल्याशिवाय रिझ्युमे लिहूच नका. शब्दांची फिरवाफिरव करून मेकॅनिकलचा डेटा ॲनालिस्ट होत नाही.

परदेशी अर्ज: अमेरिका आणि ब्रिटनसाठी फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती काढून टाका. आखातात उलट, तिथे राष्ट्रीयत्व आणि व्हिसाची स्थिती बघतात. जर्मनीत तक्त्यासारखा, तारखा काटेकोर असलेला रिझ्युमे चालतो आणि मधला रिकामा महिना हमखास विचारतात.

आणि देशातल्या अर्जातूनही वडिलांचं पूर्ण नाव, धर्म, आधार क्रमांक, पॅन आणि शेवटची 'वरील माहिती सत्य आहे' ही प्रतिज्ञा काढा. आपल्याकडे लग्नाचा आणि नोकरीचा, दोन्हींना बायोडेटाच म्हणतात, त्याचा हा परिणाम असावा. काही रिझ्युमेंत फक्त पत्रिका जोडायची बाकी असते. आधार-पॅन अनोळखी ईमेलवर पाठवणं तर धोक्याचंच आहे. ऑफर आल्यावर एचआर मागेल तेव्हा द्या.

भावाचा पाचवा रिझ्युमे काळ्या अक्षरांत, एका कॉलममध्ये, दीड पानाचा झाला. त्याला तो अजिबात आवडला नाही. "ताई, हे सरकारी परिपत्रक वाटतंय." पाठवून पाच आठवडे झाले. तीन कॉल आले. तिघांनीही पहिल्या मिनिटात गॅप विचारला आणि त्याने रिझ्युमेत होतं तेच वाचून दाखवल्यासारखं सांगितलं. एक रांजणगावचा होता, पण परत एजन्सीच्याच रोलवर, तो त्याने नाकारला. दुसऱ्याला सीएमएम चालवणारा हवा होता, नुसता रिपोर्ट वाचणारा नाही, तेही फोनवरच स्पष्ट झालं. तिसऱ्याकडे टेक्निकल राउंड झालाय, येत्या सोमवारी प्लांट हेडला भेटायचंय. यूएएनची हिस्ट्री त्यांनी आधीच मागून घेतली.